भिंगरी नावाची फळी

“असा ब्रँडच नाहीये,” दाढीवाला म्हणाला.

नुसतं ‘माझ्याकडे नाही’ म्हणाला असता तर ती ‘बरं’ म्हणून दुकानाची पायरी उतरली असती. पण ब्रँडच नाही म्हणजे काय? ज्या नावाखाली तिच्या वडिलांनी उमेदीची सगळी वर्षं लाकूड दाबून स्केटबोर्डच्या फळ्या केल्या, ते नाव हा माणूस काउंटरमागे बसून, हातातला कॉफीचा कपसुद्धा खाली न ठेवता, पुसून मोकळा झाला होता.

“आहे,” ती म्हणाली. “भिंगरी. पायाला लागते ना भिंगरी, तीच.”

“बिंगो आहे. भिंगरी नाही.” त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. “बघा ना तुम्हीच. यादीत नाही म्हणजे नाही.”

ती स्वतः ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायची. एखादं पुस्तक यादीत सापडलं नाही तर त्यांच्याकडे माणसं तळघरात उतरून शोधत. पुस्तक छापलंच गेलं नाही, असं कुणी म्हणत नसे.

“म्हणजे तुमची यादी अपुरी आहे,” ती म्हणाली.

“मॅडम, चार-दोन मोठ्या कंपन्यांचा माल येतो आमच्याकडे. छोटे ब्रँड इथवर पोचतच नाहीत. मूठभर फळ्यांसाठी जहाजात जागा कोण देणार, जकातीची झंझट कोण करणार? जिथल्या असतात तिथेच घ्यायच्या त्या.”

“तिथे, माझ्या गावी, एकही उरलेली नाही. सगळ्या इकडे आल्यात.”

“इकडे?” दाढीवाला मनापासून हसला. “मग मला दिसल्या असत्या की!”

घरात तिला ‘वकीलबाई’ म्हणायचे ते उगाच नाही. तिच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण त्याच्या डोक्यावरच्या भिंतीवर छतापर्यंत स्केटबोर्डच्या फळ्या टांगलेल्या होत्या, रंगीत, चकचकीत, आणि त्यांत बाबांची एकही नव्हती. रडायचं नव्हतं म्हणून ती भांडलीही नाही. बाहेर आली.

फळ्या करायच्या हे तिच्या वडिलांनी ठरवलेलं नव्हतं. ते सुतार. दारं, खिडक्या, शाळेची बाकं. एकदा कुणीतरी गिऱ्हाईक मोडायला टेकलेला स्केटबोर्ड घेऊन आलं, “अशीच दुसरी करून द्या” म्हणालं. बाबांनी त्या फळीवरून साचा केला. आता ती फळी गाडीत उन्हात पडून तापली होती आणि तिची शेपूट डावीकडे जराशी मुरडली होती. बाबांना काय माहीत? त्यांनी जन्मात स्केटबोर्डवर पाय ठेवला नव्हता. त्यांना वाटलं, असंच असतं. तो मुरडा त्यांनी इमानेइतबारे साच्यात उतरवला. चूक कळली तेव्हा उशीर झाला होता. त्या मुरडलेल्या शेपटीवर पाय टेकला की फळी मनात येईल तशी वळते, असं म्हणत गिऱ्हाइकं दुसरी मागायला आली होती.

“चूक आपली, पण तिला मागणी आहे,” बाबा म्हणायचे. “सरळ केली तर उपाशी मरू.”

फळीचे भागही त्यांनी आपल्याच भाषेत ठेवले. पुढचं टोक नाक, मागचं शेपूट. वरची बाजू, जिच्यावर माणूस उभा राहतो, ती पाठ. खालची, रंगवलेली, ती पोट. लाकडाचे सात पापुद्रे सरस लावून एकावर एक रचायचे, साच्यात घालायचे आणि दाब द्यायचा. मोठे कारखाने एका दाबात चार-पाच फळ्या काढतात, मग वरचीचा बाक वेगळा आणि खालचीचा वेगळा. बाबा एका वेळी एकच काढायचे. कडा आई घासायची. नाव आईनेच दिलं. “घरात एकाच्याही पायाला भिंगरी नाही, निदान फळीला तरी असू दे,” म्हणाली. पुढे लेक शिकायला म्हणून परदेशी गेली ती तिथलीच झाली, तेव्हा आईनेच सगळ्यांना हसत सांगितलं, “नाव ठेवलं फळीला आणि भिंगरी लागली पोरीला.”

बाबा गेले तेव्हा ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दाब देण्याचं यंत्रसुद्धा. जागा रिकामी करून द्यायची होती म्हणून दादाने ते भंगारात काढलं होतं. जमिनीत रुतलेले बोल्ट तेवढे उरले होते, कापून काढलेल्या झाडाच्या मुळांसारखे. तिने घरभर शोधलं. कपाटामागे, माळ्यावर, गच्चीत. एक फळी नव्हती. जो माल करतो त्याच्या घरी माल उरत नाही, हे तिला ठाऊक होतं, तरी तिला दादाचा संताप आला. एक! एक ठेवता आली नाही?

“मला काय विचारतेस,” दादा म्हणाला. “शेवटची सगळी खेप तुझ्याच देशात गेली. बाबांनीच पाठवली.”

निघताना आईने दारात तिचा हात धरला. बाबा गेल्यापासून आईने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. “त्यांची एक फळी मिळते का बघशील?” म्हणाली. “नुसती हाताला लागू दे माझ्या.”

आणि आता हे. दुकानामागून दुकान. एकाने तिला मोठ्या कंपनीची फळी पुढे केली आणि “हीसुद्धा लाकडाचीच आहे” म्हणाला, जणू ती लाकूड शोधत हिंडत होती. दुसऱ्याने विचारलं, मुलासाठी हवीय का, मुलाला काय कळतंय, कुठलीही घ्या. इंटरनेटवर एक जुनी जाहिरात सापडली, बाबांच्याच गावातल्या दुकानाची, आणि तिच्याखाली लाल अक्षरांत, ‘हा माल आपल्या देशात पाठवला जात नाही.’ या ‘आपल्या’ देशात सगळ्या जगाचे बूट येत होते, जगभरची बिस्किटं येत होती, आणि एका सुताराची सात पापुद्र्यांची फळी तेवढी येऊ शकत नव्हती.

ती सापडली ती भलत्याच ठिकाणी. ग्रंथालयातल्या मैत्रिणीला पोहण्याचा चष्मा घ्यायचा होता म्हणून दोघी खेळांच्या सामानाच्या एका अवाढव्य दुकानात गेल्या. तंबू, सायकली, दोऱ्या, आणि एका रांगेत चाकं लावलेले तयार स्केटबोर्ड. ती नुसती शेजारून चालली होती. मग थांबली. मागे आली. एक बोर्ड तिने काढला, बाबा करायचे तसा डोळ्यासमोर आडवा धरला आणि एक डोळा मिटून नाकाकडून शेपटीकडे पाहिलं.

शेपूट डावीकडे मुरडली होती.

तिने तो उलटा केला. पोटावर दात विचकणारा कोल्हा होता आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत कोल्ह्याच्या कंपनीचं नाव.

“काही अडचण आहे का मॅडम?” निळ्या जॅकेटातली विक्रेती धावत आली.

“याची शेपूट बघा.”

विक्रेतीने बोर्ड काचेच्या काउंटरवर ठेवून पाहिला. “अय्या, खरंच! डिफेक्टिव्ह पीस आहे. थांबा, दुसरा देते.” दुसरा आणला. ठेवला. वाकून पाहिलं. तिसरा आणला. मग तिने बावरून सगळी रांगच डोळ्यांनी चाळली. “हे... हे सगळेच वाकडे आहेत! वरिष्ठांना सांगायला हवं. सगळा लॉट परत जाईल.”

“खबरदार!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मैत्रीण चष्मा टाकून धावत आली. “वाकडे नाहीत ते. तसेच असतात. हा मी घेतला. आणि बाकीच्यांना हात लावू नका.”

मैत्रिणीने तिला बाहेर नेऊन बाकावर बसवलं, पाणी दिलं. तिने आईला फोन लावला.

“आई, चोरी झालीय.”

“अगं बाई! तुझ्याकडे?”

“माझ्याकडे नाही, आपल्याकडे! बाबांच्या फळ्यांवर दुसऱ्याचं नाव आहे. कोल्हा काढलाय वर. कोल्हा!”

पलीकडे आई गप्प झाली. ही शांतता तिला लहानपणापासून ओळखीची होती. आईला आधीपासून काहीतरी माहीत असलं की ती अशी गप्प व्हायची.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“ओरडू नकोस. रस्त्यात आहेस ना?”

“आई!”

“एक माणूस आला होता तुमच्या तिकडचा. म्हणाला, फळी उत्तम आहे, पण या नावाने आमच्याकडे कुणी दारात उभं करणार नाही. नाव टाकू नका, चित्र टाकू नका, पोट कोरं, पाठ कोरी, मी सगळ्या नेतो. तुझे बाबा तेव्हा थकले होते गं. दारोदार विकत हिंडायचं त्राण नव्हतं.”

“आणि बाबा हो म्हणाले?”

“हो म्हणाले. शब्द दिला, पोटावर काही नाही, पाठीवर काही नाही. आणि शब्द पाळला. आतलं काही बोलणं झालं नव्हतं.”

“आतलं म्हणजे?”

“मधल्या पापुद्र्यावर. सरस लावायच्या आधी शिक्का मारायचो आम्ही. भिंगरी. जांभळ्या शाईचा. ते म्हणायचे, वरून कोरी म्हणाला ना, मग वरून कोरी. मीच मारलेत सगळे शिक्के. हात जांभळे होऊन जायचे माझे.”

ती हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांपुढे तो कोल्हा आला, विचकलेल्या दातांचा, आणि तिला नव्याने तिडीक आली.

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

“भांडले असते!”

“म्हणूनच,” आई म्हणाली. “वकीलबाई, मिळाली ना फळी? आता घेऊन घरी जा आणि मला पाठवून दे.”

पण वकीलबाई घरी गेली नाही. तिने बोर्डाच्या खोक्यावरचा पत्ता वाचला आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात रजा टाकून शहराबाहेरच्या त्या गोदामात जाऊन धडकली. पत्र्याचं छप्पर, पुठ्ठ्यांचे डोंगर, आणि एका कोपऱ्यात काचेची केबिन. मालक तिला वाटला होता तसा बिलंदर दिसत नव्हता. पन्नाशीचा, सुटलेल्या पोटाचा, ढगळ अर्धी विजार घातलेला, एका गुडघ्यावर जुन्या शस्त्रक्रियेचा वण. स्वतः एके काळी स्केटबोर्डवर हाडं मोडून घेतलेला माणूस. याची तर तिला जास्तच चीड आली. परक्याने केलं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं.

तिने बोर्ड टेबलावर आदळला. “हा माझ्या वडिलांनी केलाय.”

“बसा ना.”

“बसायला नाही आले मी. यावर तुमचं नाव का?”

“कारण तो माझा माल आहे. अशा फळ्या मी बऱ्याच ठिकाणांहून घेतो. तुमच्या वडिलांचीच कशावरून?”

“शेपटीवरून.”

“साचे काय, कुणीही उतरवतो, बाई.”

“मग आत बघा. आत त्यांचं नाव आहे.”

मालकाने तिच्याकडे पाहिलं. मग बोर्डाकडे पाहिलं. आणि मग तो चक्क हसत सुटला. “आत? फळीच्या आत? अहो, मी तीस वर्षं या धंद्यात आहे. फळीच्या आत सरस असतो.”

“आणि शिक्का.”

“ठीक आहे. बघूया.” तो उठला, बोर्ड केबिनबाहेर नेऊन जमिनीवर चाकांवर ठेवला. पुठ्ठे उचलणारी माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली. “नसला तर तुम्ही गुपचूप घरी जायचं. कबूल?”

“कबूल. आणि असला तर?”

खांबाला धरून त्याने उंच उडी घेतली आणि दोन्ही टाचा फळीच्या ऐन मध्यावर आदळल्या. फळी वाकली, आणि त्या फळीनेच त्याला असं उडवलं की तो पुठ्ठ्यांवर जाऊन पडला. कुणीतरी शिट्टी मारली.

“सरस चांगला असायचा त्यांचा,” ती म्हणाली. तिला अभिमानही वाटला आणि भीतीही. मोडलीच नाही तर?

मालक लाल होऊन उठला. दुसऱ्यांदा त्याने सगळं वजन घातलं. कडाड असा आवाज झाला. आपण काय मोडायला सांगितलं ते तिला त्या आवाजानंतर कळलं.

फळी सरळ तुटली नव्हती. पापुद्रे दातेरी फाटले होते, मधला एक बोटभर उघडा पडला होता, आणि त्या फिकट लाकडावर जांभळ्या शाईत, एका तुकड्यावर ‘भिं’ आणि दुसऱ्यावर ‘गरी’.

मालक गुडघा धरून खाली बसला. त्याने दोन्ही तुकडे जुळवून धरले. बराच वेळ वाचत राहिला, तीनच अक्षरं.

“म्हातारा वस्ताद निघाला,” तो शेवटी म्हणाला.

“निघाला नाही. निघाले.”

“निघाले. बरं, मग? त्यांनी शब्द दिला होता. मी काही चोरलेलं नाही. नावाने माल खपत नाही छोट्या माणसाचा. भिंगरी म्हणून कोण विचारतं हो दुकानात?”

“मी विचारत होते!” तिचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. “कितीतरी दिवस विचारत होते. दुकानादुकानांत जाऊन. आणि प्रत्येकजण मला सांगत होता, असा ब्रँडच नाही. त्यांचा काय दोष? त्यांच्या यादीत तुमचा कोल्हा! माझे वडील गेले. त्यांच्या हातची एक फळी आईला हवी होती, एक, आणि ती साऱ्या शहरात रांगेने लावलेली असताना मला कुठे सापडत नव्हती. विचारणारं कुणी नाही म्हणता? विचारणाऱ्याला तुम्ही उत्तर ठेवलं नाहीत!”

मालकाने तुकडे तिच्या हातात दिले. “गेले, हे मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. तिला ते दिसलं, आणि त्याने राग कमी झाला नाही. खेपा येईनाशा झाल्या तेव्हा याने एक फोन करून विचारलं नव्हतं एवढाच त्याचा अर्थ होता.

दारापाशी येऊन तिने आईला फोन केला. “मिळालं आई. नाव मिळालं. अगदी स्पष्ट आहे. शाई जराही फिकी पडलेली नाही.”

“नाव? नाव कसं दिसलं तुला?”

“मोडली ना फळी.”

“मोडलीस?”

“मी नाही, त्याने मोडली. पण आई, त्याच्या तोंडासमोर...”

“अगं, नाव मला कशाला दाखवतेस?” आईचा आवाज चढला. तिने आईला असं ओरडताना वर्षानुवर्षांत ऐकलं नव्हतं. “मीच मारलेत ते शिक्के! मला नाव ठाऊक आहे. मला अख्खी फळी हवी होती. कडेवरून हात फिरवायचा होता मला. तुम्ही बापलेक सारखे. ते नावापायी आत शिक्के मारून घेत बसले आणि तू नावापायी ती मोडून ठेवलीस. मला विचारलं कुणी, मला काय हवंय?”

फोन बंद झाला. ती दारात उभी राहिली. तिचं बोलणं थोड्याच वेळापूर्वी पत्र्यावर घुमलं होतं, आणि आता आईने तेच तिला परत दिलं होतं, शब्द तेवढे कमी.

ती वळली. मालक अजून तिथेच उभा होता, गुडघा चोळत.

“माझी फळी तुम्ही मोडलीत,” ती म्हणाली. “दुसरी द्या. अख्खी.”

“सुटा माल गोदामातून देत नाही आम्ही.”

“मोडता मात्र सुटा.”

एक मजूर फिसकन हसला. मालकाने त्याच्याकडे पाहिलं, मग मान हलवून मागच्या रॅककडे बोट केलं. “घ्या. कुठलीही घ्या. तिथल्या सगळ्या त्यांच्याच, सारख्याच आहेत.”

“सारख्या असणारच,” ती म्हणाली. “एका वेळी एकच काढायचे ते.”

तरी तिने घाई केली नाही. एकेक काढून डोळ्यासमोर धरली, कडेवरून अंगठा फिरवला. आई हे कसं करत असे ते तिला येत नव्हतं. तिला सगळ्या कडा सारख्याच गुळगुळीत लागत होत्या. शेवटी जिच्यावर कोल्हा जरा वाकडा छापला गेला होता ती तिने उचलली आणि काखेत मारली, पोट आपल्या अंगाकडे, पाठ बाहेर. दुसऱ्या हातात तुकडे.

फाटकावरच्या पहारेकरणीने तिला अडवलं. “काय नेताय? बाहेर जाणारा माल लिहून जावा लागतो.”

“फळी.”

“कुठली? कंपनी सांगा.”

“भिंगरी.”

पहारेकरणीने भिंतीवरचा कागद बोटाने वरून खाली वाचला. “इथे असलं काही नाही. कोल्हा लिहू का?”

“कोल्हा लिहायचा नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, पण पहारेकरणीने मान वर करून पाहिलं. “भिंगरी लिहा. भिंतीतला भिं.”

“अहो, पण मला विचारतील.”

“विचारू द्या की.”

पहारेकरणीने उसासा टाकला, पेन झटकलं आणि लिहिलं. तिने वाकून अक्षरं तपासली. अनुस्वार राहिला होता. तो तिने द्यायला लावला.

“नग किती?”

“दोन. एक अख्खी, एक मोडलेली.”

“मोडलेली कशाला घेऊन चाललात? ती टाकून द्या ना इथेच.”

“तीही लिहा,” ती म्हणाली आणि फाटक उघडायची वाट बघत उभी राहिली.